सुन्यास पत्र : भिंतींना विचारलेले प्रश्न

सोलापूर,
रविवार, सकाळ

प्रिय सुन्या,

का बे, परवा फोनवर म्हणालास, "तलाव आणि किल्ला सोडला तर सोलापुरात बघायला आहे काय?" उत्तर लिहूनच देतो. फोनवर तू मधेच बोलतोस.

दोन महिने झाले, सकाळी फिरताना एकच खेळ चाललाय. दिसेल त्या भिंतीला विचारायचं, तू अशी का? सुरुवात आमच्याच दारापासून झाली. जोत्याला पाच पायऱ्या होत्या, आठवतं? तिथं बसून आपण पेरू खायचो. आता दोनच उरल्यात. जुना थर न उकरता डांबरावर डांबर ओतत रस्ताच वर आलाय. पावसाचं पाणी उंबऱ्याला का लागतं, हे मला पन्नाशीत कळलं!

मग पूर्व भागात गेलो. एका जुन्या माग-शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आहे. मला वाटायचं, पाणी निथळायला केलंय. पण दात्यांच्या उभ्या अंगाला काचा आहेत, आणि गल्ली तिरकी असली तरी सगळ्या काचा उत्तरेला! आपल्याकडे ऊन बहुतेक वर्षभर दक्षिणेकडून येतं. उत्तरेचा उजेड एकसारखा, झळ नाही, त्यामुळे तुटलेला धागा लगेच दिसतो. 1877 साली आपली 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाली, तेव्हा विजेचे दिवे कुठले? उजेड छपरातूनच घ्यायचा. या शेडच्या काचांना आता रंग फासलाय, आत ट्यूबलाइट. मी खालून मान वर करून बघत होतो, तर एक मागवाला म्हणाला, "काय, घ्यायचंय का शेड?"

वेशींचं तर आपण कधी मनावरच घेतलं नाही. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस. रिक्षात बसताना तोंडात येणारी नावं, पण ती गावाची दारं होती, आणि विजापूरची वाट त्या दारातनं निघायची.

आता मूळ कारण. तुमचा वाडा पाडला ना, त्या जागेवर अजून काही उभं राहिलेलं नाही. पण शेजाऱ्यांच्या भिंतीवर तुमचं घर तसंच आहे. तुळयांच्या भोकांची सरळ रांग दिसते, म्हणजे माळवद तिथंवर होतं. जिन्याची तिरपी खूण आहे. तिच्याखाली निळीचा रंग, आणि निळ्यात एक कोनाडा, आतून काजळीनं काळा. मी बराच वेळ उभा होतो. कोनाडा पुरुषभर उंचीवर आहे, म्हणून मला कंदील वाटतो. पण बायको म्हणते, एवढी काजळी देवाच्या दिव्याचीच.

काकूंना विचारून कळव.

तुझा,
अव्या