आधी पकड, मग लिव्हरची दिशा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत शिकारी रायफलींवरच्या दुर्बिणींची ओळख करून देणारा लेख वाचला. अमेरिकेत किंवा आफ्रिकेत रीतसर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या वाचकांना तो उपयोगी पडेल. त्यातल्या एका वाक्याने मात्र नुकसान होईल, म्हणून हे पत्र. दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या रिंगांची ‘लिव्हर मागच्या बाजूला येईपर्यंत आवळावी’ असे लेखात म्हटले आहे. हे साफ उलटे आहे. रिंग पुरेशी आवळली की नाही, हे लिव्हरचे तोंड कुठे आहे त्यावरून कळत नाही. आधी पकड घट्ट करायची आणि मग लिव्हर हव्या त्या दिशेला फिरवून बसवायची.

टॅली, वॉर्न यांसारख्या अमेरिकी कंपन्यांच्या रिंगांमध्ये लिव्हर म्हणजे आट्यांवर फिरणाऱ्या नटाला लावलेली मूठ असते. आटे कुठून सुरू झाले आणि रेल, म्हणजे रायफलीवरची रिंग बसवायची पट्टी, किती रुंद निघाली, यावर घट्ट झालेली लिव्हर कधी वर, कधी खाली, कधी तिरकी थांबते. म्हणूनच ती नटावर दात्यांनी बसवलेली असते. काही रिंगांत तिच्या मधोमध छोटा स्क्रू असतो, काहींत ती बाहेर ओढली की दात्यांतून सुटते. सहा दाते असतील तर एका दात्याला ६० अंश, बारा असतील तर ३० अंश. म्हणजे आवळलेल्या नटाला हात न लावता नुसती मूठ फिरवता येते. ही सोय बहुतेकांना ठाऊकच नसते, आणि लिव्हर नीट दिसावी म्हणून नटच मागे घेतला जातो.

त्याची किंमत आकड्यात सांगतो. आट्यांचे अंतर एक मिलिमीटर धरले, तर ६० अंश मागे फिरवल्यावर नट सुमारे ०.१७ मिलिमीटर सैल होतो. पकड तिथेच संपते. आता पुढच्या आणि मागच्या रिंगेत १०० मिलिमीटर अंतर धरा. मागची रिंग बाजूला अवघी ०.०५ मिलिमीटर सरकली, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, तरी १०० मीटरवर मार ५ सेंटिमीटर हुकतो आणि २०० मीटरवर १०. मग दोष काडतुसाला, नळीला, नाहीतर दुर्बिणीला दिला जातो.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. लिव्हर दिमाखात मागे यावी म्हणून पक्कड लावून नट आणखी पाव फेरा रेटतात. त्याने आटे खरवडतात, रेलच्या कडेवर तिला धरणाऱ्या रिंगेच्या चिमट्याचे वळ उठतात, आणि त्यानंतर रिंग प्रत्येक वेळी त्या वळात थोडी वेगळी बसते. लिव्हर अंगठा आणि दोन बोटांच्या जोराने आवळण्यासाठीच बनवलेली असते. तिला पक्कड किंवा नळीचा तुकडा कधीही लावू नये.

आता दिशेचे. उजव्या हाताच्या बोल्ट रायफलीवर, म्हणजे काडतूस भरणारी सळई (बोल्ट) हाताने मागे-पुढे करायच्या रायफलीवर, लिव्हर डाव्या अंगाला असावी. उजवीकडून रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि बोल्टची मूठही तिथेच वर-खाली होते. घाईत बोल्ट ओढताना बोटे लिव्हरवर आपटतात. डावखुऱ्या रायफलीत हे सगळे उलट.

रायफलीच्या डाव्या अंगाला उभे राहून तिच्याकडे पाहा. नळीचे तोंड तुमच्या डावीकडे, दस्ता उजवीकडे. आटे नेहमीचे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे आवळणारे असतील, तर खाली लोंबणारी लिव्हर सर्वांत वाईट. झुडपातून पुढे जाताना फांदी तिचे टोक मागे ढकलते आणि त्या दिशेला नट सुटतो. वर उभ्या लिव्हरला तीच फांदी आणखी आवळते, पण ती जास्त अडकते आणि दुर्बिणीच्या भिंगावरचे झाकण लावता-काढताना आडवी येते. पुढे तोंड केलेल्या लिव्हरमागे डहाळी शिरून बसते. रेलला समांतर आणि तोंड मागे, दस्त्याकडे, ही दिशा उत्तम: फांदी घसरून निघून जाते. लिव्हर उजव्या अंगाला असेल तर वर आणि खाली यांचा हिशेब उलटतो, मात्र मागे तोंड तिथेही बरोबरच.

मागच्या रिंगेच्या लिव्हरबाबत एक सावधगिरी. माउझर ९८ घडणीच्या रायफलीत बोल्ट सोडवायचा खटका डाव्या अंगालाच मागे असतो. बंगालातील इछापूरच्या कारखान्याच्या .३१५ रायफलीची घडण ली-एनफिल्डची, तिचा सेफ्टीचा खटकाही तिथेच. लिव्हरचे टोक तिथे भिडत असेल तर एक-दोन दाते वर घ्यावे. पुढची लिव्हर अगदी मागे आणि मागची थोडी वर तिरकी, असे दिसायला विजोड चालेल.

क्रम असा. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. रेल आणि रिंगेचा चिमटा कापडाने कोरडे पुसा. वाळूचा एक कण खाली राहिला तरी वर सांगितलेले ०.०५ मिलिमीटर पुरे होतात. रिंगा रेलवरच्या आडव्या खाचेत ठेवून आधी दुर्बीण पूर्ण पुढे, नळीच्या तोंडाकडे सारा आणि मगच आवळा. गोळी सुटताच रायफल मागे जाते आणि दुर्बीण जडत्वाने जागीच राहू पाहते, म्हणून रिंगेचा आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीपासून टेकलेला हवा. ही पायरी वगळली तर पहिल्या दोन-तीन गोळ्यांत दुर्बीण स्वतःच पुढे सरकते. पुढचा आणि मागचा नट आळीपाळीने थोडा-थोडा आवळा. एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळू नका. दोन्ही घट्ट झाल्यावर नट न हलवता मूठ सोडवा, फिरवा, पुन्हा दात्यांत बसवा. मधला स्क्रू असेल तर तो हलक्या हाताने लावा. नटाच्या आट्यांना चिकटद्रव लावू नये, नाहीतर काढता येणारी रिंग घेण्याला अर्थच राहत नाही. दुर्बिणीवरून बसणाऱ्या रिंगेच्या वरच्या अर्ध्या भागाच्या स्क्रूंना मात्र टॉर्कचा, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणारा, पाना वापरा. साधारण १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २.३ न्यूटन-मीटर. कंपनीचा कागद वेगळे सांगत असेल तर तेच प्रमाण.

दुसरी जात कॅमच्या, म्हणजे फिरताना दाब वाढवत जाणाऱ्या फुगीर कडेच्या, लिव्हरची. तिथे बंद व्हायची जागा ठरलेली असते आणि पकड पलीकडच्या नटाने कमी-जास्त होते. लिव्हर बंद करताना पहिली अर्धी वाट सहज, पुढे जोर, आणि शेवटी अंगठ्यावर ठसा उमटावा इतका दाब लागला तर जुळणी बरोबर. लेखातील वाक्य या जातीवरून आले असावे, पण ते दोन्हींना लागू केले गेले.

खाचेबद्दलही लिहिले पाहिजे. पिकॅटिनी या प्रमाणित मापाच्या रेलची खाच ०.२०६ इंच रुंद आणि दोन खाचांत १० मिलिमीटर अंतर. जुन्या वीव्हर पद्धतीच्या रेलची खाच ०.१८० इंच. वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बसते, पण दांड्याला पुढे-मागे मोकळीक राहते, त्यामुळे पुढे सारण्याची पायरी तिथे दुप्पट महत्त्वाची. दुर्बीण नेहमी त्याच खाचेत परत जावी म्हणून रेलवर रंगाचा ठिपका द्या.

खरी परीक्षा शूटिंग रेंजवर. १०० मीटरवर टेकू देऊन तीन गोळ्या, दुर्बीण पूर्ण उतरवून पुन्हा चढवून तीन, आणि असे चार वेळा, सगळे एकाच कागदावर. बारा छिद्रांचा एकच पुंजका झाला तर जुळणी पक्की. तीन-तीनचे वेगळे पुंजके पडले तर आधी चिमट्याखालची घाण पाहा, मग दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकला होता का ते. जुळणी पक्की ठरली की नटावर आणि रिंगेवर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. ती मुठीवर ओढू नका, कारण मूठ पुन्हा फिरवली जाऊ शकते आणि मग रेघ जुळूनही नट सैल असू शकतो.

– एक वाचक, कोल्हापूर