बोटांच्या बेचक्यात पाहणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा बाजारात कळलं. निरोप समारंभ करू नका म्हणून तुम्हीच सांगितलंत म्हणे. शाल-श्रीफळ राहून गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही, माझंही नाही. उजवा पाय, पायमशीनवाला शिंपी, एवढं तुम्हाला पुरे.

आमच्या ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात हत्तीपाय कुणाला नवा नाही. प्रत्येक गावात लुंगी घोट्यापर्यंत सोडून बसणारे दोन-चार जण असतातच. माझा पाय तिशीत भरायला लागला. रात्रीचं रक्त तपासलं तर त्यात काही निघालं नाही, तरी सूज उतरेना. पण सुजेची सवय होते हो. सवय झाली नाही ती तापाची. सकाळी धडधाकट असलेल्या माणसाला दुपारी हुडहुडी भरते, दोन गोधड्या अंगावर घेतल्या तरी दात वाजतात. मग जांघेत अवधान, म्हणजे दुखरी गाठ, येतं. रात्रीपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत लाल, तापलेला, तुकतुकीत. वरून चादर घसरली तरी जीव जातो. आठवडाभर माणूस कामातून जातो आणि उठतो तेव्हा पाय आधीपेक्षा थोडा जाडच झालेला असतो. रोवणीत मजुरी बुडायची, दिवाळीच्या तोंडावर शिवणाचे कपडे तसेच पडून राहायचे, गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जायचं.

कुणी म्हणे धावरं आहे, मंत्र घाला. कुणी नजर काढली. आई निर्गुडीच्या पाल्याने कडक शेकायची, मी ओरडायचो, ती म्हणायची, शेक लागतोय म्हणजे गुण येतोय. एका खासगी दवाखान्यात दर वेळी सलाईन लावून सांगायचे की आतले जंत पुन्हा हललेत, आणि हत्तीरोगाच्या गोळ्यांचा तोच कोर्स परत द्यायचे. जंत एवढे कसे हलतात, हा प्रश्न मला पडायचा. पण दवाखान्यात असे प्रश्न कोण विचारतो?

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही आधी चप्पल काढायला लावलीत. खालच्या स्टुलावर बसलात, माझं पाऊल मांडीवरच्या टॉवेलवर घेतलंत आणि एकेक बोट फाकवून पाहायला लागलात. आईच्या वयाची बाई पायाला हात लावते म्हटल्यावर मी पाय मागे ओढला. तुम्ही म्हणालात, "मला तेच तर बघायचंय." करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये कातडी पांढरी, भिजून सुटलेली, खाली लाल चीर. चिखल्या! धानाच्या बांधीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कुणाच्या पायाला त्या नसतात? इतक्या वर्षांत माझा पाय पाहिला सगळ्यांनी, पण गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. बेचक्यात कुणी डोकावलं नव्हतं.

मग तुम्ही समजावलंत, आणि जंतांचा तो हिशोब मला पहिल्यांदा लागला. डासातून आलेल्या हत्तीरोगाच्या जंताने पायातल्या लसवाहिन्यांची, म्हणजे अंगातला लस नावाचा पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांची, नासधूस करून ठेवली, ती कधीचीच. ताप येतो तो त्याच्यामुळे नाही. तो बहुतेक वेळा आणतो स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू, आणि तो शिरतो या चिरेतून. धडक्या पायात शरीर त्याला थोपवतं. लस साचून राहिलेल्या पायात तो झपाट्याने पसरतो. प्रत्येक तापात आणखी काही लसवाहिन्या बुजतात, पाय आणखी भरतो, आणि पुढच्या तापाला वाट मोकळी होते. हत्तीरोगाच्या गोळ्या या जिवाणूला काही करत नाहीत. त्याला लागतं पेनिसिलिनसारखं औषध, तेही पूर्ण कोर्स. ताप उतरला की गोळ्या डब्यात ठेवण्याची आमची रीत तुम्हाला चांगलीच ठाऊक होती. म्हणून तर रिकामं पाकीट आणून दाखवायला लावायचात.

टब, मग, साबण, टॉवेल आणि मलमाचं किट सरकार देतं. ते आणखी कुणीही वाटलं असतं. तुम्ही धुवायला शिकवलंत. पाणी कढत नको. ब्रशने घासायचं नाही. गुडघ्यापासून खाली यायचं, घडीघडीतून, बोटाबोटातून, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घालायचं. मग कोरडं करायचं, आणि खरी गोम इथेच आहे, कारण टॉवेल जाडा आणि सुजलेल्या बोटांमधली फट बारीक. मी कापडातला माणूस. घरी जाऊन पातळ मलमलीच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, त्या बेचक्यातून अलगद ओढल्या की पाणी टिपून निघतं. तुम्हाला दाखवल्या तर "आणखी कापून आणा" म्हणालात, आणि दुसऱ्या खेपेला पाहतो तर बाकीच्यांनाही वाटत होतात. शिंपी म्हणून माझं एवढं कौतुक लग्नातल्या शेरवानीनेही कधी झालं नव्हतं.

ताप आला की काय करायचं नाही, ते तुम्ही आईलाच बसवून सांगितलंत हे फार बरं झालं. शेक नाही, चोळणं नाही, घट्ट पट्टी नाही. गार पाण्याची घडी, पाय उशीवर, आणि त्याच दिवशी दवाखाना. माझं तिने ऐकलं नसतं.

एवढं करूनही ताप पुरता सुटला नाही, तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे तुम्हीच पाठवलंत. त्यांनी महिन्याच्या महिन्याला पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन सुरू केलं. आधी हातावर टेस्ट, मग कमरेत ते दुधासारखं जाड औषध. सुईत अडकतं म्हणून नवीन मुलं घाबरायची. तुम्ही मात्र गप्पा मारत, सावकाश द्यायचात. दुखायचं ते दुखायचंच. हे किती दिवस घ्यायचं, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी इंग्लंड-आयर्लंडकडचा २०१३ सालचा एक अभ्यास सांगितला. असा ताप वारंवार येणाऱ्यांना वर्षभर रोज दोनदा पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या चालू असताना शंभरातल्या २२ जणांना तो उलटला, नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांत ३७ जणांना. आणि खऱ्या गोळ्या बंद केल्यावर तो फायदा ओसरला. तुम्ही बाजूला फाईल लावत उभ्या होतात. वर न बघताच म्हणालात, "म्हणजे धुणं बंद करायचं नाही."

नाही केलं. पाय बारीक झालेला नाही, होणारही नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खोटी आशा लावली नाहीत याचेही आभार. पण ही रोवणी अंथरुणाशिवाय गेली. दिवाळीचे ब्लाउज वेळेवर दिले.

आणखी एक. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या आजी पाय लपवायला लुगडं जमिनीला टेकवून चालायच्या. "पाय धुतल्यानं का होते जी?" म्हणून तुम्हाला उडवून लावायच्या. तुम्ही मागच्या दाराने त्यांच्या न्हाणीत जाऊन बसायचात, हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं. आता आजी रोज टब मांडतात आणि पट्टी संपली की नातवाला माझ्याकडे पाठवतात.

नव्या सिस्टर आल्या आहेत. चांगल्या दिसतात, पण चप्पल अजून काढायला लावत नाहीत. आजींनी स्वतःच काढून पाय पुढे केला म्हणे.

तुमच्या नव्या ठिकाणी असे पाय किती आहेत ते कळवा. तेवढ्या पट्ट्या कापून एसटीच्या पार्सलने पाठवतो. कड दुमडून शिवू की नुसती कापू, तेही लिहा. इथे काही जणांना दुमडलेली कड बोटात रुतते, म्हणून मी हल्ली नुसतं कातरकाम करतो, पण त्यात दोरे फार सुटतात.

आपला,
पायमशीनवाला