हेल्पलाइनच्या पैशाची वाट दाखवणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

नोकरीची सगळी वर्षं तुम्ही लेखा शाखेत काढलीत, आणि निवृत्तीनंतर आम्हा समुपदेशकांना नि आशाताईंना सरकारी पैसा कसा मागायचा, कसा टिकवायचा हे शिकवायला बसलात. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेलं खान्देशात हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडायला हवं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आता बऱ्याच जणांना माहीत आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला सेवा सुरू झाली. फोन चोवीस तास, फुकट. भाषा निवडली की समुपदेशक बोलतो, आणि गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी जोडून देतो. पण तो फोन उचलायला माणूस बसवायचा, तर पैसा किती लागतो? तुम्ही खुर्चीपासून हिशेब मांडलात. एक खुर्ची आठवडाभर चालू ठेवायची म्हणजे 168 तास. आठ तासांची पाळी धरली तर 21 पाळ्या. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो, म्हणजे कागदावर साडेतीन माणसं. त्यात रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षणाचे दिवस धरले की साडेचार ते पाच. प्रस्तावात तीनच पदं मागितली, तर सगळ्यात आधी रात्रीची पाळी उघडी पडते. आणि जीव नकोसा झालेल्या माणसाचं बोलणं दहा मिनिटांत आटपत नाही. खुर्ची एकच असेल तर तेवढा वेळ दुसरा फोन वाजत राहतो.

तरतूद, वितरण आणि खर्च या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तुमच्याकडूनच पक्कं कळलं. केंद्राने टेली-मानसच्या कार्यक्रमासाठी 2022-23 ला 120.98 कोटी, 2023-24 ला 133.73 कोटी आणि 2024-25 ला 90 कोटी रुपये ठेवले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला एका जिल्ह्यासाठी वर्षाला 83.20 लाखांपर्यंतची मर्यादा आहे. आकडा मंजूर झाला म्हणजे पैसा हाती आला असं नाही. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो आणि मानधन थकतं. कंत्राटी समुपदेशक एक-दोन महिने कळ काढतो, मग दुसरी नोकरी धरतो. त्याच्यावर केलेला प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याबरोबरच जातो. म्हणून रोकडवही आणि बँकेचं विवरण दर महिन्याला जुळवायचं, बिलं खर्चाच्या शीर्षानुसार (मानधन, प्रशिक्षण असे वेगवेगळे) लावायची, प्रशिक्षणाचा पैसा मंजुरीशिवाय मानधनाकडे वळवायचा नाही, आणि शिल्लक जानेवारीतच पाहायची, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाही. मदत थांबते ती पुष्कळदा अशा एखाद्या कागदापायी, हे तुम्ही कळकळीने सांगायचात.

सगळ्यात मोलाचा ठरला तो पाठपुराव्याचा मुद्दा. पहिल्या फोननंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने विचारपूस करायची, तर एका फोनमागे आणखी तीन फोन आले. तो वेळ आणि ते पैसे प्रस्तावात वेगळे दाखवा, असा तुमचा आग्रह होता. तुमच्या सांगण्यावरून नोंदवहीत तीन रकाने वाढले: कोणत्या नंबरवर फोन करायचा, कोणत्या वेळी, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं. घरात एकच मोबाइल, तोही नवऱ्याच्या खिशात, अशा घरातल्या बाईला न विचारता उलट फोन लावला तर तिचंच संकट वाढतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवर रेंजच मिळत नाही. तिथे आशाताईचा फोन आणि तिचे पाय हाच दुवा, म्हणून तिचा प्रवासभत्ता हेल्पलाइनच्याच खर्चात धरायला हवा. अहिराणी, भिली, पावरी बोलणारा माणूस प्रमाण मराठीत आवरून बोलतो. ‘काय व्हयनं, भाऊ?’ असं कुणी विचारलं की मोकळा होतो. हे समर्थन म्हणून कागदावर मांडता येतं, हे आम्हाला सुचलं नसतं.

प्रसिद्धीच्या खर्चाबद्दल तुम्ही फार थोडं बोललात, पण नेमकं. भिंतीवरच्या मोठ्या फलकापेक्षा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्याजवळ, बाजार समितीत आणि एसटी स्टँडवर नंबर लावा. रावेर-यावलकडे केळीच्या बागा मे-जूनच्या वादळात आडव्या होतात, त्याच्या आधी तो लागलेला असू द्या. त्याच पत्रकावर दुसरी ओळ: फवारणीचं औषध कुलपात ठेवा, आणि घरातलं कुणी फार खचलेलं असेल तर चावी शेजाऱ्याकडे द्या. रागाची, निराशेची ती वेळ टळली की माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते, त्यामुळे या छपाईचे थोडके पैसे कुठल्याही काटछाटीत जाऊ देऊ नका, असं तुम्ही बजावलंत.

नाना, हा वेळ तुम्ही घरच्यांसोबत घालवू शकला असतात. तो आम्हाला दिलात, एक रुपया न घेता.

पुढच्या प्रस्तावाचा कच्चा मसुदा दिवाळीनंतर घेऊन येतो. अहिराणी आणि पावरी बोलणाऱ्या समुपदेशकांच्या दोन पदांचं समर्थन अजून नीट जमलेलं नाही. तेवढं एकदा पाहून द्यावं, ही विनंती.

आपले,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील समुपदेशक व आशा कार्यकर्त्या