वॉशिंग्टनचा 'लिबरल' बर्लिनला चालत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'अमेरिकेत उदारमतवाद्यांची पीछेहाट' आणि 'जर्मनीत उदारमतवादी संसदेबाहेर' हे दोन मथळे एकाच पानावर आले, तर वाचक काय समजेल? दोन्हीकडे एकच वारे वाहते आहे, असेच ना? प्रत्यक्षात पहिल्या मथळ्यातला 'लिबरल' म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारा, सरकारने आरोग्यावर आणि शिक्षणावर जास्त खर्च करावा म्हणणारा. दुसऱ्यातला 'लिबरल' एफडीपी या पक्षाचा: कर कमी करा, कर्ज वाढवू नका, उद्योगांना मोकळे सोडा, असे सांगणारा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी जर्मनीचे चॅन्सेलर शोल्त्स यांनी एफडीपीचे अर्थमंत्री लिंडनर यांना काढून टाकले, ते याच भांडणावरून. राज्यघटनेतली कर्जमर्यादा सैल करायला लिंडनर तयार नव्हते. वॉशिंग्टनमध्ये ज्या शब्दाचा अर्थ 'सरकारी तिजोरी सैल सोडणारा', त्याच नावाचा माणूस बर्लिनमध्ये तिजोरी सोडत नाही म्हणून घरी गेला. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला संसदेत जायला लागणारा पाच टक्के मतांचा उंबरठाही ओलांडता आला नाही. त्यात आपल्याकडे रानडे-गोखल्यांमुळे 'उदारमतवादी' म्हटले की सनदशीर मार्गाने जाणारा नेमस्त गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. मराठी शब्द एक, माणसे तीन.

ही चूक भाषांतरकाराच्या आळसाची नाही. बातम्या पुरवणाऱ्या वृत्तसंस्थांपैकी रॉयटर्स लंडनची, एएफपी पॅरिसची, एपी न्यूयॉर्कची. तिथला मजकूर तिथल्या वाचकासाठी लिहिलेला असतो, आणि अमेरिकेचे युरोपविषयीचे व युरोपचे अमेरिकेविषयीचे ग्रह त्यात मुरलेले असतात. शब्द आपण मराठीत आणतो, ग्रह तसेच उतरतात. बडोद्यासारख्या गावात तर हा घरगुती प्रश्न आहे. एक लेक न्यू जर्सीत, दुसरा जर्मनीत स्टुटगार्टला, अशी मराठी घरे इथे शोधावी लागत नाहीत. न्यू जर्सीवाली म्हणते, 'तिकडे अर्धा पगार करातच जातो.' स्टुटगार्टवाला म्हणतो, 'तिकडे आजारी पडलात की घर विका.' घरच्यांना दोन्ही खरे वाटते, कारण दोन्ही पेपरात आलेले असते.

रंगांपासून सुरुवात करू. अमेरिकेत रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे ही वाटणी २००० सालच्या निवडणुकीपासून पक्की झाली. त्याआधी वाहिन्या मन मानेल तसे रंग वापरत. युरोपात मात्र लाल म्हणजे समाजवादी किंवा मजूर पक्ष, ब्रिटनमध्ये निळा म्हणजे हुजूर पक्ष, आणि जर्मनीतल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचा रंग काळा. म्हणून 'लाल राज्यांत ट्रम्प यांची सरशी' या ओळीशेजारी 'लाल' हा शब्द डाव्यांसाठी वापरलेली युरोपची बातमी आली की गोंधळ ठरलेलाच. रंग वगळून पक्षाचे नाव लिहावे, एवढे पुरे.

'सरकार' हा शब्द याहून घोटाळ्याचा. युरोपात सरकार पडते म्हणजे मंत्रिमंडळ पडते. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्समध्ये पंतप्रधान बार्निये यांचे पडले, सप्टेंबर २०२५ मध्ये बायरू यांचे. टपाल, रेल्वे, दवाखाने नेहमीसारखे चालू होते. अमेरिकेत सरकार 'पडत' नाही, ते 'बंद' होते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस ते बंद होते. त्याआधीचा विक्रम २०१८-१९ चा, ३५ दिवसांचा. युरोपियन वाचकाला हा पोरखेळ वाटतो. उलट बेल्जियममध्ये २०१०-११ साली ५४१ दिवस नवे मंत्रिमंडळच बसले नाही, त्यावर अमेरिकेत विनोद झाले. पण त्या दिवसांत बेल्जियममध्ये पगार वेळेवर होत होते, आणि २०१० च्या उत्तरार्धात युरोपियन युनियनच्या मंत्रिपरिषदेचे फिरते अध्यक्षपदही त्या देशाने सांभाळले.

फरक स्वभावाचा नाही, एका कलमाचा आहे. अर्थसंकल्प वेळेत झाला नाही तर जर्मन राज्यघटनेचे कलम १११ सरकारला नेमून दिलेली कामे आणि जुनी देणी यांपुरता खर्च चालू ठेवू देते. आपल्याकडे कलम ११६ खाली लेखानुदान घेता येते. निवडणुकीच्या वर्षी ते आपण पाहतोच. अमेरिकेत काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजुरी दिल्याशिवाय खात्याने खर्च करू नये असा एकोणिसाव्या शतकातला कायदा आहे. १९८० पर्यंत मंजुरी लांबली तरी खाती थोडाफार खर्च आवरून काम रेटत. त्या वर्षी ॲटर्नी जनरलने कायद्याचा कडक अर्थ लावला, आणि तेव्हापासून मंजुरी संपली की अत्यावश्यक नसलेले कर्मचारी घरी आणि अत्यावश्यक कर्मचारी बिनपगारी कामावर. मंजुरीचे विधेयक सिनेटमध्ये अडले तर वाट मोकळी करायला १०० पैकी ६० मते लागतात. म्हणजे साधे बहुमत हाती असलेल्या पक्षालाही विरोधकांची गरज पडते. ही दोन वाक्ये बातमीच्या शेवटी चौकटीत दिली, तर 'महासत्तेची दिवाळखोरी' असल्या मथळ्याची गरज राहणार नाही. दिवाळखोरीचा यात काही संबंध नाही. पैसे असतात, खर्चायची परवानगी नसते.

नाटोच्या बाबतीत तर आकडाच उलटा वाचला जातो. 'युरोपने नाटोची दोन टक्के वर्गणी थकवली' हे वाक्य अमेरिकी सभांतून थेट आपल्याकडे येते. दोन टक्के ही वर्गणी नव्हेच. प्रत्येक देशाने सकल देशांतर्गत उत्पादनाचा (जीडीपीचा) तेवढा हिस्सा स्वतःच्या सैन्यावर खर्चावा, असे २०१४ मध्ये वेल्सच्या बैठकीत ठरले होते. तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस हे तीनच देश तेवढा खर्च करत होते, हेही खरे. अमेरिकेची तक्रार हवेतली नव्हती. जून २०२५ मध्ये हेगच्या बैठकीत हे लक्ष्य २०३५ पर्यंत पाच टक्के करण्याचे ठरले: साडेतीन टक्के थेट संरक्षणावर, दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींवर. नाटोचा सामाईक खर्च वेगळा आणि त्यामानाने किरकोळ. त्यात २०२१ ते २०२५ या काळात अमेरिका व जर्मनी यांचा वाटा जवळपास सारखा, सुमारे १६ टक्के होता. आणि 'एकावर हल्ला तो सर्वांवर' हे कलम ५ आजवर एकदाच लागू झाले, ११ सप्टेंबर २००१ नंतर. ते अमेरिकेच्या मदतीसाठी होते, हे युरोपवाले विसरत नाहीत आणि अमेरिकेतल्या सभांत कुणाला आठवत नाही.

आता पावती पाहू. न्यूयॉर्कच्या दुकानात टेबलावरच्या दिव्याला १०० डॉलरची चिठ्ठी असते, गल्ल्यावर मात्र १०८ डॉलर ८८ सेंट द्यावे लागतात. ८.८७५ टक्के विक्रीकर शेवटी लागतो. त्यात राज्याचे ४, शहराचे ४.५ आणि उरलेले ०.३७५ टक्के प्रवासी वाहतुकीच्या विभागाचे. ओरेगनमध्ये हा कर नाहीच. बर्लिनमध्ये त्याच दिव्यावर ११९ युरोची चिठ्ठी असेल तर ११९ च द्यायचे. पावतीच्या तळाशी १९ टक्के मूल्यवर्धित कराचे १९ युरो वेगळे दाखवलेले असतात. युरोपियन माणूस न्यूयॉर्कात फसवल्यासारखा होतो. अमेरिकन बर्लिनमध्ये म्हणतो, सगळेच महाग. मंगळबाजारात 'सर्व करांसह' छापील किंमत वाचणाऱ्या आपल्या माणसाला बर्लिनची पद्धत ओळखीची वाटावी. हॉटेलातल्या टिपेचेही तसेच. अमेरिकेच्या संघीय कायद्यात टिप मिळणाऱ्या नोकराचे किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवर थांबले आहे. बाकीचे ७ डॉलर २५ सेंटपर्यंत टिपेतून भरून निघाले नाही तर मालकाने द्यायचे, असा नियम. म्हणून तिथे १५ ते २० टक्के टिप हा शिष्टाचार नसून पगाराचा भाग आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही खालची पायरी नाही, तरी टिपेची अपेक्षा तेवढीच, हा भाग वेगळा. फ्रान्समध्ये सेवेचा आकार बिलातच धरलेला असतो.

या पावतीचेच पुढे राजकारण होते. मूल्यवर्धित कर म्हणजे अमेरिकी मालावरची छुपी जकात, असा आरोप २०२५ मध्ये ट्रम्प यांनी केला आणि तो जसाच्या तसा छापला गेला. हा कर जर्मन मोटारीलाही १९ टक्के आणि अमेरिकी मोटारीलाही १९ टक्केच. आयात मालावर आपण एकात्मिक जीएसटी लावतो, तसेच ते. जकात निराळी. २०२५ च्या आधी युरोप अमेरिकी मोटारींवर १० टक्के घेई, अमेरिका युरोपियन मोटारींवर २.५ टक्के. इथवर अमेरिकेचे म्हणणे रास्त. पण छोट्या ट्रकवर अमेरिका २५ टक्के घेते, तेही १९६४ पासून. का, तर त्याआधी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकी कोंबडीवर जकात वाढवली होती. कोंबडीचे भांडण मिटले, ट्रकवरचा कर राहिला. तिकडे अजून त्याला 'कोंबडी कर'च म्हणतात.

कोंबडीवरून अंडे. शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी, पण दोन्हीकडच्या गैरसमजाचा याहून स्वच्छ नमुना नाही. अमेरिकेत दुकानात जाणारी अंडी धुऊन मग सुमारे ७ अंश सेल्सियसला थंड ठेवतात. धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते, म्हणून थंडावा लागतोच. असे थंड अंडे बाहेर काढून ठेवले तर त्याला घाम सुटतो आणि त्या ओलीबरोबर कवचाच्या छिद्रांतून जंतू आत जाऊ शकतात. युरोपियन युनियनमध्ये 'अ' वर्गाची अंडी धुवायला साधारणपणे बंदी आहे. आवरण टिकावे आणि कोंबडीपालकाने मुळात खुराडेच स्वच्छ ठेवावे, हा हेतू. ती दुकानात फडताळावरच असतात. अमेरिकन म्हणतो, युरोपात घाण अंडी विकतात. युरोपियन म्हणतो, अमेरिकेत खुराड्याची घाण पाण्याने झाकतात. अर्धी पद्धत इकडची आणि अर्धी तिकडची केली, म्हणजे अंडी धुऊन फडताळावर ठेवली, तरच पोट बिघडेल.

आरोग्यसेवेबद्दल एकच विनंती: 'युरोपात उपचार मोफत' असे लिहू नये. ब्रिटनमध्ये १९४८ पासून खर्च करातून होतो. जर्मनीत १८८३ पासून विमा आहे; पगाराच्या १४.६ टक्के आणि वर विमासंस्थेचा जादा हप्ता, दोन्ही मालक आणि नोकर निम्मे-निम्मे भरतात. स्वित्झर्लंडमध्ये विमा खासगी, पण सक्तीचा. अमेरिकी राजकारणी या तिन्हींना एकाच दमात 'समाजवादी' म्हणतो. ब्रिटिश पद्धतीने सरकारी दवाखाना, सरकारी डॉक्टर असा कारभार अमेरिकेतही आहे, आणि तो माजी सैनिकांसाठी.

धर्माचे थोडक्यात. 'धार्मिक अमेरिका, निधर्मी युरोप' हे खरेही आणि उलटेही. अमेरिकेत राज्याचा चर्च नाही. इंग्लंडमध्ये आहे, २६ बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात. जर्मनीत नोंदलेल्या सभासदांकडून चर्चचा कर सरकारच वसूल करते, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के.

अभिव्यक्तीच्या बातम्यांत मात्र आपल्या वाचकाला आपलीच राज्यघटना दाखवावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकला अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी युरोपला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे धडे दिले, तेव्हा बहुतेक मराठी अग्रलेखांनी कुणीतरी एक बाजू घेतली. नाझी चिन्हे जाहीरपणे मिरवणे जर्मनीत गुन्हा आहे. अमेरिकेत ते पहिल्या घटनादुरुस्तीखाली चालते. (स्टुटगार्टला नवी मोटार घेणाऱ्यांनी बोनेटवर स्वस्तिक काढायची हौस आवरावी, हेतू पूजेचा असला तरी शेजाऱ्याला समजावत बसावे लागेल.) आपले कलम १९(२) 'वाजवी निर्बंध' मान्य करते, म्हणजे आपण या बाबतीत युरोपच्या जवळ उभे आहोत. हे एक वाक्य अग्रलेखात असते तर बाजू घेणे इतके सोपे गेले नसते.

परक्याची गोष्ट नीट पारखून घेण्याची बडोद्याला जुनी सवय आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हा ग्रंथपाल अमेरिकेहून आणला. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि तिथून १९१६ मध्ये लंडनला. ज्यांनी दोन्ही किनारे पाहिले त्यांना दोघांचे एकमेकांविषयीचे बोलणे ऐकीव म्हणून बाजूला ठेवता येते. पेपर वाचणाऱ्याला ती सोय नाही.

म्हणून परदेशाचे पान लावणाऱ्यांच्या टेबलावर एक कागद चिकटवावा. त्यावर पहिली ओळ अशी असावी: युरोपियन कौन्सिल म्हणजे युनियनच्या देशप्रमुखांची बैठक, युनियनची कौन्सिल म्हणजे मंत्र्यांची, आणि कौन्सिल ऑफ युरोप ही स्ट्रासबर्गची ४६ देशांची वेगळीच संस्था, ती युनियनचा भाग नाही. मानवाधिकार न्यायालय या शेवटच्या संस्थेचे आहे, २७ देशांच्या युनियनचे नव्हे. झेंडा मात्र दोघांचा एकच, निळ्यावर पिवळे तारे. तेव्हा छायाचित्रावरून संस्था ओळखू नये. तारे मोजून सदस्यसंख्याही लिहू नये. ते १९५५ पासून बाराच आहेत.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे