रोज्यांचा फिदिया आणि घराचा कागद

सोलापूर

आदरणीय अब्बा आणि अम्मी यांस,
अस्सलामु अलैकुम.

पुण्याला भाईजानकडे जाताना तुम्ही जे प्रश्न विचारून ठेवायला सांगितले होते, त्यांचे लेखी उत्तर दारुल इफ्तातून, म्हणजे मुफ्तींच्या फतवा देणाऱ्या कार्यालयातून, मिळाले आहे. प्रश्नात घरच्यांची नावे घालायची नाहीत असे मुफ्तीसाहेबांनी आधीच बजावले होते, त्यामुळे जुन्या रीतीप्रमाणे अब्बा ‘जैद’ झाले आहेत आणि अम्मी ‘हिंदा’. उत्तर उर्दूत आहे आणि अब्बांचे शिक्षण मराठी शाळेत झालेले, म्हणून त्यातला मजकूर मी येथे मराठीत मांडते.

अम्मींच्या रोज्यांचा प्रश्न सरळ आहे. इन्सुलिन आणि मूत्रपिंडाचा त्रास यांमुळे पुढे कधीही रोजे ठेवता येतील अशी आशा डॉक्टरांनी ठेवलेली नाही, म्हणून त्यांच्यावर फिदिया, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरजूला द्यायचे धान्य, पैसे किंवा जेवण, आहे. देव करो आणि कधी ताकद आली, तर मात्र ते रोजे कजा म्हणून, म्हणजे सुटलेल्यांची भरपाई म्हणून नंतर, ठेवावे लागतील. आपल्या हनफी मसलकात (पंथात) एका रोज्याचा फिदिया सदका-ए-फित्रइतका (ईदच्या वेळी गरिबांना द्यायच्या दानाइतका), म्हणजे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. नाहीतर एका गरजूला दोन वेळचे पोटभर जेवण. तीस रोज्यांचे साडेबावन्न किलो होतात. गव्हाऐवजी ज्वारी द्यावी असे अम्मींच्या मनात होते आणि त्याला हरकत नाही, पण तेव्हा ज्वारीचे वजन पाहायचे नाही, तेवढ्या गव्हाची जी किंमत होईल तेवढ्या किमतीची ज्वारी द्यायची. हा फिदिया आपल्या मुलांना किंवा नातवंडांना देता येत नाही. खालाजान गरजू आहेत, त्यांना देता येतो. अब्बांचे रोजे शस्त्रक्रियेमुळे सुटले होते आणि आता प्रकृती बरी आहे, म्हणून त्यांना फिदिया देऊन मोकळे होता येणार नाही, कजाच ठेवावी लागेल. आपल्याकडच्या उन्हाळ्याची वाट न पाहता थंडीच्या लहान दिवसांत ते उरकावेत, हा सल्ला मुफ्तीसाहेबांचा नसून माझा आहे.

आता घराविषयी. येथे मी स्वतः एक वारस असल्याने शब्द जपून वापरते. घर भाईजानच्या नावावर व्हावे आणि त्यासाठी आम्हा दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात, अशी अब्बांची इच्छा आहे. उत्तरातला पहिला मुद्दा असा की वारसाहक्क माणसाच्या मृत्यूनंतरच निर्माण होतो. अब्बा हयात असताना त्या घरात आमचा वारसा म्हणून काहीच हिस्सा नाही आणि जो हक्क अजून नाही तो सोडताही येत नाही. घर भाईजानलाच मिळावे असे मृत्युपत्र केले तरी ते चालत नाही, कारण वारसासाठी केलेली वसियत बाकीच्या वारसांनी अब्बांच्या पश्चात संमती दिल्याशिवाय लागू होत नाही, आणि वारस नसलेल्यांसाठीही ती एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही.

राहिला हिबा, म्हणजे हयातीत दिलेले बक्षीस. हयातीत मालक आपली वस्तू कोणालाही देऊ शकतो, पण दिलेल्या वस्तूचा ताबा सोडावा लागतो. कागद भाईजानच्या नावाचा आणि त्याच घरात अब्बांचे सामान, अब्बांचे कुलूप, असे असेल तर मुफ्तीसाहेबांच्या मते हिबा पूर्ण होत नाही. शिवाय एका मुलाला देऊन बाकीच्यांना वगळण्याबद्दल पैगंबरांचे सोबती नुअमान बिन बशीर यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) उत्तरात दिली आहे, ज्यात पैगंबरांनी नुअमान यांच्या वडिलांना मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. काहीच केले नाही तर अब्बांच्या पश्चात घराचे बत्तीस भाग धरून अम्मींना चार, भाईजानला चौदा आणि आम्हा दोघींना सात-सात येतात. भाईजानचा वाटा आमच्या दुप्पट आहेच; त्याहून अधिक त्याने मागितलेले मी तरी ऐकलेले नाही.

हा फतवा म्हणजे न्यायालयाचा हुकूम नाही, हेही अब्बांनी लक्षात घ्यावे. फतव्याला कायद्याचे बंधन नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले आहे, त्यामुळे कागदापुरते वकिलांना विचारावेच लागेल. गावाकडच्या जमिनीचा प्रश्न तर वेगळाच आहे, कारण 1937 च्या शरियत कायद्याच्या शब्दांतून शेतजमीन वगळलेली आहे. ती या चर्चेत मिसळू नये.

माझे म्हणणे एवढेच आहे की अब्बा हयात असताना मी हक्कसोडपत्रावर सही करणार नाही. धाकटीला मी काही शिकवलेले नाही, तिला तुम्ही स्वतंत्रपणे विचारावे, आणि तेही चार माणसांत नको. चारचौघांत मुलगी नाही म्हणत नाही आणि अशा होकाराला अर्थ नसतो. घर विकून किंवा न विकता हयातीतच सर्वांना द्यायचे ठरले तर मुलगा-मुलगी समान वाटे द्यावेत, हे अधिक चांगले असे उत्तरात लिहिले आहे.

घराच्या मिळकत पत्रिकेची प्रत कपाटात सापडली नाही. ती तुमच्याबरोबर पुण्याला गेली असेल तर भाईजानने तिचा फोटो पाठवावा, म्हणजे मी वकिलांची वेळ घेईन.

आपली मुलगी