'पॅशन'चा मूळ अर्थ: सोसणे

संपादक महोदय,

'पॅशन' म्हणजे छंद वा ध्यास, एवढाच अर्थ आपल्याकडे रुळला आहे. त्यामुळे गुड फ्रायडेच्या मजकुरात 'ख्रिस्ताची उत्कटता' असे भाषांतर होते. ते साफ चुकीचे आहे. तिथे 'दुःखभोग' किंवा 'यातना' हवे.

लॅटिन 'पाती' म्हणजे सोसणे. त्यावरून 'पासिओ', पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजी 'पॅशन'. इंग्रजीत तो आधी ख्रिस्ताच्या यातनांसाठीच आला. तीव्र भावना, प्रेमावेग हे अर्थ नंतरचे. 'पेशंट' आणि 'पॅसिव्ह' याच मुळाचे. पोर्तुगीज 'पायशांव'मध्ये आजही यातना आणि प्रेमावेग दोन्ही नांदतात, हे गोव्यात वेगळे सांगायला नको.

कुंपणावरचे कृष्णकमळ जवळून पाहावे. इंग्रजीत ते 'पॅशन फ्लॉवर', पण ध्यासाशी त्याचा संबंध नाही. मिशनऱ्यांना त्याच्या तंतूंच्या कड्यात काटेरी मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा आणि वरच्या तीन कुक्षींत तीन खिळे दिसले. आपण त्याच तंतूंना कौरव आणि पुंकेसरांना पांडव म्हणतो! 'पॅशन फ्रूट'ही याच कुळातले. पाककृतीत त्याचे 'प्रेमफळ' करू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, फोंडा