पाचव्या दिवसाची प्लेट

ती. आई-बाबांना सा. न.

आठवडाभर फोन नाही म्हणून बाबा रुसलेत, हे आईच्या आवाजावरूनच कळलं. कारण सांगते.

बाबांच्याच वयाचे एक पेशंट. डोकं दुखतंय, उजव्या हातातून पेन निसटतंय, ताप मात्र नाही. एमआरआयमध्ये मेंदूत कडं दिसलं आणि घरच्यांनी कॅन्सरचीच धास्ती घेतली. पण एमआरआयच्याच ‘डिफ्यूजन’ नावाच्या चित्रात कड्याच्या आतला भाग पांढराशुभ्र होता. असं दिसलं की पुवाचा संशय आधी घ्यायचा. ताप नाही यावर जाऊ नये. मेंदूतल्या गळवात तो बऱ्याचदा नसतोच. आई, तू विचारशील, पाठीतून पाणी काढून का नाही पाहिलं? कवटीत दाब वाढलेला असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकू शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून कवटीला बारीक भोक पाडून सुईने पू काढला.

तो माझ्या टेबलावर आला. काचेवर रंगवल्यावर दिसले फाटे फुटलेले, मण्यांच्या तुटक माळेसारखे धागे. सौम्य आम्लाने धुतलं तरी रंग सोडेनात. नोकार्डियाच असणार, पण हा जंतू फार सावकाश वाढतो. एरवी जंतू वाढवायच्या प्लेटा दोन दिवसांत टाकून देतात. या प्लेटेवर मी ‘फेकू नये’ अशी चिठ्ठी लावली आणि रोज डोकावत राहिले. पाचव्या दिवशी खडूच्या भुकटीसारखे ठिपके उगवले आणि ओल्या मातीचा वास आला. प्लेट हुंगायला मनाई आहे, पण हा वास न बोलावता येतो!

आता कोट्रायमॉक्साझोल हे जंतुनाशक औषध चालू आहे, सुरुवातीला जोडीला इंजेक्शनं. बरं वाटलं तरी वर्षभर गोळ्या घ्यायच्या.

हा जंतू मातीतला. धुळीबरोबर श्वासातून फुप्फुसात जातो, तिथून रक्तावाटे डोक्यात. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण हे गृहस्थ सांध्यांसाठी कित्येक वर्षं स्टेरॉइड घेत होते.

बाबा, कळलं ना पत्र कुणासाठी आहे? घाबरून गोळी एकदम बंद करू नका, तेही जिवावर बेतू शकतं. डोकेदुखी मात्र ‘उन्हाची’ म्हणून झटकू नका. कुंड्यांची माती उकरताना मास्क लावा.

आई, त्यांची गोळी किती मिलिग्रॅमची आहे ते पाकिटावर वाचून कळव. त्यांना विचारू नकोस, कमीच सांगतील.

तुमची लेक